श्रद्धांजलीच्या ठरावातले ‘अज्ञात’



आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषयपत्रिका सुरू होण्यापूर्वी श्रद्धांजलीचा ठराव मांडला जातो. अहवाल सालात दिवंगत झालेले देशातील व राज्यातील पुढारी, सहकारातील थोर मंडळी, सीमेवर हुतात्मा झालेले जवान, आपले सभासद व कामगार यांची नावे वाचली जातात. सर्वांत शेवटी ‘कला, क्रीडा, साहित्य आदी क्षेत्रांतील ज्ञात-अज्ञात व्यक्ती’ असे एक वाक्य येते. सभा दोन मिनिटे स्तब्ध उभी राहते, मग खुर्च्या सरकवल्याचा आवाज होतो आणि मागील सभेचे इतिवृत्त वाचायला घेतले जाते.

या शेवटच्या वाक्याबद्दल आम्हाला चार शब्द लिहायचे आहेत. ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, खत, पाणी, खोडवा व्यवस्थापन यावर लिहावे. तो कलावंतांच्या श्रद्धांजलीवर कशाला लिहायला बसला, असे काहींना वाटेल. वाटू द्या. पण आम्ही वर्षाचे बाराही महिने तुमच्या बांधावर असतो. लागणीची नोंद घेताना, तोडणीचा प्रोग्रॅम सांगताना, चहा पिताना ज्या गप्पा होतात त्यात उसाइतकाच विषय यात्रेचा, तमाशाचा आणि जुन्या गाण्यांचा असतो. ज्यांच्याबद्दल एवढे बोलतो, ती माणसे ठरावात ‘अज्ञात’ कशी होतात, हा आमचा साधा प्रश्न आहे.

आता ‘फड’ हाच शब्द घ्या. आपल्याकडे उसाचा फड असतो, कुस्तीचा असतो आणि तमाशाचाही असतो. शब्द एकच आहे, आणि हे काही उगाच झालेले नाही. आपला गळीत हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि चैत्र-वैशाखापर्यंत चालतो. तमाशाचा हंगामही दसऱ्यालाच सुरू होऊन गावोगावच्या यात्रा उरकेपर्यंत चालतो. तोडणी टोळीचा मुकादम पावसाळ्यातच मजुरांना उचल देऊन बांधून ठेवतो. तमाशाचा मालकही कलावंतांना तशीच उचल देतो आणि ती देण्यासाठी स्वतः कर्ज काढतो. टोळी आपली बिऱ्हाडे घेऊन फडाफडावर फिरते. तमाशावाले कनात, पेट्या आणि लेकरेबाळे ट्रकमध्ये घालून गावोगाव फिरतात. पावसाळा लागला की दोघांचीही कमाई थांबते आणि उचल खाऊन दिवस काढावे लागतात. ज्याला उसाचे अर्थकारण कळते, त्याला तमाशाचे अर्थकारण वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

उसाची लावणी आणि सुलोचनाबाई

१० डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत सुलोचना चव्हाण वारल्या. वय ८९. गळीत हंगाम ऐन भरात होता आणि फडात तुरे डोलत होते. त्या महिन्यात त्या जाव्यात, हा योगायोगच म्हणायचा. कारण उसाच्या तुऱ्यावरची, फड सांभाळायला सांगणारी आणि कोल्ह्याची भीती घालणारी ती लावणी त्यांनीच गायिली. ‘मल्हारी मार्तंड’ या १९६५ च्या चित्रपटातली ही लावणी. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत वसंत पवारांचे. आपल्या कार्यक्षेत्रात ती ऐकली नाही असा माणूस सापडायचा नाही.

आमच्या खात्याच्या दृष्टीने पाहिले तर ती लावणी शास्त्राला धरून आहे, बरं का! दिवस लहान होऊ लागले की उसात तुऱ्याची तयारी सुरू होते आणि पुढे तुरा बाहेर पडतो. तुरा पडला की उसाची वाढ थांबते. साखर लगेच उतरत नाही, पण दीड-दोन महिन्यांच्या पुढे असा ऊस उभा ठेवला तर तो आतून पोकळ होतो, दशी पडते, कांड्यांवर पांगशा फुटतात, वजन घटते आणि उताराही घटतो. म्हणून तुऱ्याच्या फडाकडे डोळा ठेवा आणि त्याला वेळेत तोड द्या, असे आम्ही दरवर्षी तुम्हाला सांगतो. कोल्हा गोड झालेला ऊस फोडतो, हेही तुमच्या अनुभवाचे आहे. लावणीचा रोख अर्थातच दुसरीकडे आहे, ते आम्ही सांगायला नको. पण तो दुसरा अर्थ उभा राहिला तो पहिला अर्थ पक्का होता म्हणून. माडगूळकर माणदेशातले. शेत, शिवार त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले होते. आमच्या पत्रकांनी जे साधले नाही ते या एका लावणीने साधले. तुरा आला की फड सांभाळायचा असतो, हे शेतात कधी पाय न टाकलेल्या मुंबईच्या माणसालाही पाठ झाले.

सुलोचनाबाईंचे माहेरचे आडनाव कदम. जन्म आणि वाढ मुंबईत गिरगावात. लहानपणापासून त्या गात होत्या, हिंदी चित्रपटांतही गायिल्या. ‘रंगल्या रात्री अशा’ या १९६२ च्या चित्रपटाने त्यांची लावणी घराघरांत पोहोचवली. लावणीसम्राज्ञी ही पदवी त्यांना आचार्य अत्र्यांनी दिली. लावणी गाताना डोक्यावरचा पदर त्यांनी कधी ढळू दिला नाही. बैठकीत बसून, हातवारे न करता केवळ गळ्यातून त्या ठसका उभा करीत. भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली ती २०२२ साली, म्हणजे ज्या वर्षाच्या अखेरीस त्या गेल्या त्याच वर्षी. तोपर्यंत त्या लावण्या येऊन साठ वर्षे झाली होती. आपण ऊस बारा ते अठरा महिन्यांत तोडतो. त्याहून उशीर झाला तर आमच्या खात्याला चार शिव्या घालतो. आणि इथे साठ वर्षे लागली.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ४ जून २०२३ रोजी दुसऱ्या सुलोचनाबाई गेल्या. चित्रपटातल्या, सुलोचना लाटकर. त्या मूळच्या खडकलाटच्या. हे गाव बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी भागातले, आपल्यासारख्याच ऊसवाल्या मुलखातले. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या हाताखाली त्या तयार झाल्या. ‘वहिनींच्या बांगड्या’, ‘साधी माणसं’ हे चित्रपट आपल्या वडीलधाऱ्यांनी गावात आलेल्या तंबूच्या टॉकीजमध्ये जमिनीवर बसून पाहिलेले. पुढे हिंदीत त्या कितीतरी नायकांच्या आई झाल्या. महाराष्ट्र शासनाने त्यांना महाराष्ट्र भूषण दिला. आणि आपण काय केले? एका सुलोचनाबाईंच्या निधनाच्या बातमीखाली दुसऱ्या सुलोचनाबाईंचा फोटो घालून मोबाईलवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ फिरवली! आमच्याकडे तो फोटो तीन वेगवेगळ्या गटांतून आला. एकानेही ‘अहो, या त्या नव्हेत’ म्हणून लिहिले नव्हते. अंगठ्याने दिलेली श्रद्धांजली ही अशी असते. हल्ली तर हयात कलावंतालाही मोबाईलवर मारून टाकतात आणि त्या बिचाऱ्याला ‘मी जिवंत आहे’ म्हणून सांगावे लागते.

कांताबाई आणि बंद पडलेला फड

सुलोचनाबाईंना निदान वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर जागा मिळाली. कांताबाई सातारकर गेल्या तेव्हा ते दिवसच असे होते की, कोण गेले याची मोजदाद ठेवायला कुणाला सवड नव्हती. मे २०२१ मध्ये संगमनेर येथे करोनाने त्यांचे निधन झाले. वय ८२.

कांताबाई तमाशाच्या फडातल्या. त्यांचे पती तुकाराम खेडकर हेही नावाजलेले तमासगीर. ते अकाली गेले. पदरात लहान मुले. अशा वेळी कांताबाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि पुढे त्यांनी स्वतःचा फड चालवला. शेकडो माणसांचे पोट त्या फडावर होते. वगात त्या पुरुषी भूमिका करीत. छत्रपती शिवाजी महाराजांची त्यांची भूमिका पाहिलेली माणसे आपल्या गावांत अजून आहेत. बाईमाणूस महाराजांच्या वेशात रंगमंचावर यायची आणि समोरचा दहा हजारांचा जमाव चिडीचूप व्हायचा, असे आमच्या गटातले जुने सभासद सांगतात. त्यांचे चिरंजीव रघुवीर खेडकर यांनी तोच वारसा पुढे चालवला. विठाबाई नारायणगावकरांच्या नावाने शासन जो जीवनगौरव पुरस्कार देते, तो कांताबाईंना मिळाला होता.

पण आम्हाला सांगायचे आहे ते २०२० सालाविषयी. गुढीपाडवा हा तमाशाचा मोठा दिवस. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशा मालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तेथे जातात, भाव ठरतो, सुपारी दिली जाते आणि पुढच्या दीड-दोन महिन्यांच्या यात्रांवर फडाचे वर्ष निघते. २०२० साली पाडवा होता २५ मार्चला. आणि देशभर टाळेबंदी सुरू झाली तीही २५ मार्चलाच. त्या एका तारखेला सगळ्या सुपाऱ्या बुडाल्या. उचल देऊन झाली होती, कर्ज काढून झाले होते, ट्रक उभे होते. त्या वर्षीच्या यात्रा झाल्या नाहीत. २०२१ सालीही झाल्या नाहीत.

त्याच दिवसांत आपले काय चालले होते, ते आठवा. साखर ही जीवनावश्यक वस्तू म्हणून कारखान्यांना परवानगी होती. तोंडाला फडके बांधून का होईना, टोळ्या ऊस तोडत होत्या, गव्हाणीत मोळ्या पडत होत्या. भीती होती, हाल झाले, मजुरांचे तर फारच झाले. पण आपला फड उभा वाळला नाही. त्यांचा फड मात्र उभ्याचा वाळला. आपण दोघे एकाच हंगामाचे सोबती, पण सरकारदरबारी आपला माल जीवनावश्यक आणि त्यांचा माल नसला तरी चालण्याजोगा ठरला. सरकारला दोष देत नाही आम्ही. महामारीत गर्दी जमवता येत नव्हती, हे खरेच आहे. पण ज्या गावांनी पन्नास-पन्नास वर्षे त्यांच्याकडून रात्री जागवून घेतल्या, त्या गावांपैकी किती गावांनी ‘यंदा यात्रा नाही, पण वर्गणीतले चार पैसे घ्या’ म्हणून कळवले? कळवले असेल त्या गावाला आमचा नमस्कार. अशी गावे बोटावर मोजण्याइतकी असणार.

विठाबाई नारायणगावकर २००२ साली गेल्या. राष्ट्रपतींकडून दोनदा सन्मान झालेली ही बाई. तमाशा चालू असताना पोटात कळा आल्या, कनातीमागे बाळंत झाली आणि पुन्हा रंगमंचावर उभी राहिली, ही त्यांची हकिकत तुम्ही सर्वांनी ऐकलेली आहे. ही हकिकत आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण तिच्यातला एक भाग आपण सांगत नाही. पुढे बसलेल्या प्रेक्षकाला तमाशा पुरा हवा होता. त्या बाईला परत उभे राहावे लागले ते त्याच्यासाठी. तो प्रेक्षक कोण? आपलाच आजा, आपलाच चुलता. आणि त्याच विठाबाईंचे अखेरचे दिवस पैशाच्या ओढाताणीत गेले. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो त्या गेल्यानंतर.

रानातला कवी, पहाटेचे कीर्तन

आता एक नाव आपल्या अगदी भावकीतले. ३ ऑगस्ट २०२३ रोजी ना. धों. महानोर गेले. वय ८०. अजिंठ्याच्या डोंगराजवळचे पळसखेडे हे त्यांचे गाव. कॉलेज अर्धवट सोडून ते शेतीत परतले आणि कविता लिहिली ती त्या मातीतच. ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या. ‘जैत रे जैत’ची गाणी १९७७ ची. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पद्मश्री मिळाली. विधान परिषदेत गेले तेव्हाही ते शेती आणि पाणी यांवरच बोलले. फळबागा, पाणी अडवणे, पाझर तलाव हे त्यांचे विषय होते. म्हणजे आमच्या खात्याचेच विषय! फरक एवढाच की आम्ही जे हेक्टर आणि टनात मांडतो ते त्यांनी गाण्यात मांडले. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला, शेती करणारा, शेतीवरच लिहिणारा माणूस गेला. शेतकऱ्यांच्या सभेत त्याचे नाव घ्यायचे नाही तर कुठल्या सभेत घ्यायचे?

तसेच बाबामहाराज सातारकर. २६ ऑक्टोबर २०२३ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. त्यांना कलावंत म्हटले तर वारकरी मंडळी रागावतील, कारण कीर्तन ही सेवा आहे, करमणूक नव्हे. त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य आहे. पण गळा, ताल आणि शब्द यांची कमाई तीच. कॅसेटच्या जमान्यात पहाटे देवळाच्या भोंग्यावर त्यांच्या आवाजातला हरिपाठ लागायचा आणि धारा काढायला उठलेली घरे त्यावर जागी व्हायची. रात्रीच्या पाण्याची पाळी धरून पहाटे परतणाऱ्याला गाव जवळ आल्याची खूण तीच असायची.

आणि शाहीर साबळे. वाईजवळच्या पसरणीचे. ते २०१५ साली गेले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांचे संगीत आणि शाहिरांचा आवाज असलेले महाराष्ट्राचे गीत २०२३ साली राज्यगीत झाले. आता आपल्या सभेतही ते लागते आणि आपण उभे राहतो. ज्यांच्या आवाजाने आपण उभे राहतो त्यांचे नाव सभेतल्या किती जणांना माहीत आहे, हे एकदा विचारून पाहायला हरकत नाही.

लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या तेव्हा देशाने दुखवटा पाळला, राज्याने सुट्टी दिली. ते योग्यच झाले. लताबाईंना आपल्या ठरावाची गरज नव्हती आणि नाही. आमचे म्हणणे आहे ते खालच्या पायरीवरच्या माणसांबद्दल. ज्यांचा फोटो छापून येत नाही, ज्यांच्या गावी मंत्री जात नाही, त्यांच्याबद्दल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

हा विषय आम्ही काही सभासदांपाशी काढला तेव्हा तीन आक्षेप निघाले. ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

पहिला आक्षेप असा की, कारखाना उसासाठी आहे, कलेसाठी नाही. सभासदाचा पैसा असल्या गोष्टींवर जाऊ नये. हे शंभर टक्के बरोबर आहे. आम्ही कारखान्याचा एक रुपयाही मागत नाही. ठरावात दोन नावे जास्त वाचायला पैसा लागत नाही.

दुसरा आक्षेप जरा दबक्या आवाजात आला. तमाशा-लावणीवाल्या बायांची नावे पुढारी आणि जवानांच्या पंगतीत वाचायची, हे बरे दिसेल का? या आक्षेपाचे उत्तर आम्ही उघड देतो. कनातीत बसून टाळ्या-शिट्ट्या द्यायला बरे दिसते, यात्रेच्या वर्गणीत तमाशाचा आकडा सर्वांत मोठा धरायला बरे दिसते आणि मेल्यावर नाव घ्यायला बरे दिसत नाही? यमुनाबाई वाईकर यांना संगीत नाटक अकादमीने गौरवले, भारत सरकारने २०१२ साली पद्मश्री दिली. त्या २०१८ साली वाईला वारल्या. दिल्लीला जे बरे दिसले ते आपल्याला न दिसण्याइतके आपण कोण मोठे लागून गेलो? लाज वाटायची असेल तर ती कलेची वाटू नये. कलावंताला रात्रभर नाचवून सकाळी ओळख न दाखवणाऱ्याने आपल्या वागण्याची वाटून घ्यावी.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा. आता कोण पाहतो तमाशा? डीजे आहे, ऑर्केस्ट्रा आहे, हातात मोबाईल आहे. काळ बदलला, त्याला कोण काय करणार? हे खरे आहे, आणि काळाला आम्ही अडवू शकत नाही. को ७४० जाऊन को ८६०३२ आला, तसे हेही होणार. पण एक लक्षात घ्या. नवा वाण आला म्हणून जुन्या वाणाची नोंद कुणी फाडून टाकत नाही. संशोधन केंद्रात जुने वाण जपून ठेवतात, कारण पुढचा वाण त्यांच्याच संकरातून निघतो. आज मोबाईलवर जी लावणी नव्या ठेक्यात वाजते, तिचे बेणे कुणी राखले होते, हे निदान ठाऊक तरी असावे.

आता करायचे काय?

लेख लिहून हात झटकणे आमच्या खात्याला जमत नाही. आम्ही शिफारस करतो तेव्हा किती गोणी, किती दिवसांनी, कुठल्या पाळीला, हे सांगतो. तेव्हा येथेही तीन शिफारशी करतो.

पहिली शिफारस. आपल्या कार्यक्षेत्रातील प्रत्येक गावात कुणी ना कुणी कलावंत आहे. कुणी भेदिक गाणारा शाहीर, कुणी ढोलकीवाला, कुणी सनई-हलगीवाला, गोंधळी, भारुड करणारा, भजनी मंडळातला पखवाजी, एखाद्या फडात पंधरा-वीस वर्षे काढून घरी बसलेली बाई. यांपैकी अहवाल सालात जे वारले असतील त्यांची नावे, गाव आणि कला एवढे तीन रकाने कागदावर लिहून आपापल्या गट कार्यालयात द्या. ती नावे ठरावात यावीत अशी विनंती आम्ही मा. संचालक मंडळाकडे करणार आहोत. निर्णय मंडळाचा आणि सभेचा. पण नावच आले नाही तर मंडळ तरी काय वाचणार? ‘ज्ञात-अज्ञात’मधला अज्ञात हा शब्द दिल्ली-मुंबईच्या माणसाने वापरला तर चालेल. आपल्याच गावच्या माणसाला आपणच अज्ञात म्हणावे, हे काही पटत नाही.

दुसरी शिफारस हयात असलेल्यांसाठी, आणि ती पहिलीपेक्षा महत्त्वाची आहे. वृद्ध कलावंतांना दरमहा मानधन देण्याची शासनाची योजना आहे. त्यासाठी अर्ज करावा लागतो. वयाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि कला सादर केल्याचे पुरावे जोडावे लागतात. येथेच घोडे अडते. ज्याने आयुष्य तुणतुणे वाजवण्यात घालवले त्याने पुरावा कुठून आणायचा? जुने हँडबिल, यात्रेची पत्रिका, एखादे प्रशस्तिपत्र, एखादा फोटो हे त्याच्याकडे नसेल, पण गावात कुणाच्या तरी ट्रंकेत असते. यात्रा कमिटीच्या जुन्या वह्यांत तर असतेच असते. आपल्यातली शिकलेली पोरे उसाच्या नोंदीचे, पीककर्जाचे कागद पाच मिनिटांत मोबाईलवर भरतात. त्यांनी गावातल्या एका म्हाताऱ्या कलावंताचा कागद भरून द्यावा. एका गावाने एक माणूस घ्यावा, जास्त नको. मेल्यावर दोन मिनिटे उभे राहण्यापेक्षा जिवंतपणी एक दुपार त्याच्यासाठी बसणे जास्त पुण्याचे आहे.

तिसरी शिफारस सुपारीच्या पैशाची. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. उशीर झाला तर १५ टक्के व्याज. हा नियम आपल्यातल्या लहान पोरालाही पाठ आहे, आणि पंधरावा दिवस उजाडला की आमच्या कार्यालयात कोण कोण येते तेही आम्हाला पाठ आहे! आपला तो हक्कच आहे. मग तमाशावाल्याची उरलेली रक्कम ‘पाऊस आला, वग अर्धाच झाला’, ‘वर्गणी गोळा व्हायची आहे’, ‘पुढच्या यात्रेला बघू’ म्हणून का राहते? त्याच्यासाठी कुठला आदेश नाही, कुठले व्याज नाही, तक्रार ऐकणारे कार्यालयही नाही. त्याला दुसऱ्या दिवशी पुढचे गाव गाठायचे असते. तो हात जोडून निघून जातो. यात्रा कमिटीत आपल्यापैकी बरेच जण असतात. कनात उतरायच्या आत उरलेला पैसा हातावर ठेवायचा, एवढा एक नियम प्रत्येक कमिटीने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून टाकावा. थकलेल्या बिलाचे दुखणे काय असते ते ऊसवाल्याला कुणी शिकवायला नको.

सुलोचनाबाई गेल्या, कांताबाई गेल्या, महानोर गेले. त्यांच्यासाठी आता काही करता येण्यासारखे नाही. पण आपल्या गावातल्या ज्या माणसाची हलगी ऐकून आपण कुस्तीच्या फडात धावत जायचो, तो बहुधा अजून आहे. खोकत असेल, कमी दिसत असेल, पण आहे. त्याच्याकडे जाऊन यावे.

नावे गट कार्यालयात देताना कागदावर देणाऱ्याने आपले नाव व सभासद क्रमांक लिहावा म्हणजे खातरजमा करता येईल. शेतकी कर्मचारी नोंदीसाठी बांधावर आले तर त्यांच्याजवळ दिले तरी चालेल. पुढील सर्वसाधारण सभेच्या नोटिशीपूर्वी हे व्हावे, ही विनंती.